रुग्णालयातील फिजिसिस्ट: न्यूक्लिअर मेडिसिन निवडावे की रेडिओथेरपी?

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक रेडिओथेरपीची, जिथे यंत्रातून निघणारे किरण बाहेरून गाठीवर सोडले जातात. दुसरी न्यूक्लिअर मेडिसिनची, जिथे किरणोत्सारी औषध रुग्णाच्या शरीरात दिले जाते आणि ते कुठे साठते हे कॅमेऱ्याने पाहिले जाते, किंवा त्याच औषधाने उपचार केला जातो. ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांना या दोन्ही वाटा जवळच्या आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राचा १९६२ पासून चालत आलेला डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स हा अभ्यासक्रम खाडीपलीकडे अणुशक्तीनगरात शिकवला जातो, अणुऊर्जा नियामक मंडळ म्हणजे एईआरबीचे कार्यालय तिथेच आहे, रुग्णालयांना समस्थानिके पुरवणारे ‘ब्रिट’ वाशीला आहे आणि टाटा स्मारक केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र खारघरला आहे, जिथे २०२३ पासून प्रोटॉन किरणांनीही उपचार होऊ लागले. तरीही या निवडीत बहुतेक जण चुकीच्या प्रश्नापासून सुरुवात करतात. ‘किरणोत्सर्गाचा धोका कुठे कमी?’ किंवा ‘पगार कुठे जास्त?’ हे प्रश्न गैर नाहीत, पण त्यांआधी विचारायचा प्रश्न असा, की ज्या विभागात तुम्ही रुजू होणार आहात तिथे फिजिसिस्टवाचून अडेल असे काही काम आहे का.

पदाचे नाव आणि प्रत्यक्ष काम

रेडिओथेरपीत या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. नियमानुसार मेडिकल फिजिसिस्ट नेमल्याशिवाय लिनॅक, म्हणजे उपचाराचे किरण तयार करणारे यंत्र, चालवता येत नाही. उपचाराची आखणी, मात्रेचे मोजमाप आणि यंत्राची तपासणी ही त्याची कामे ठरलेली आहेत आणि ती दुसऱ्या कोणाकडे सोपवता येत नाहीत. न्यूक्लिअर मेडिसिनच्या केंद्रात मात्र अनिवार्य असतो तो किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ. हे पद न्यूक्लिअर मेडिसिनमधील पात्र तंत्रज्ञही आवश्यक परीक्षा उत्तीर्ण होऊन सांभाळू शकतो. त्यामुळे एकच पीईटी-सीटी (शरीरातील किरणोत्सारी औषध टिपणारा स्कॅनर) असलेल्या छोट्या खासगी केंद्राच्या जाहिरातीत ‘फिजिसिस्ट-कम-आरएसओ’ असे लिहिलेले असले, तरी प्रत्यक्षात इंजेक्शनची मात्रा भरणे, रुग्णाला टेबलावर घेणे, स्कॅन करणे आणि उरलेल्या वेळात नोंदवह्या पूर्ण करणे असा सगळा भार एकाच माणसावर येण्याची शक्यता असते. या कामात कमीपणा काहीच नाही, परंतु भौतिकशास्त्राच्या ओढीने आलेल्या माणसाला ते वर्षभरात कंटाळवाणे वाटू शकते.

शिक्षणाची वाटही इथेच वेगळी होते. डिप्लोमा इन रेडिओलॉजिकल फिजिक्स केलेल्याला रेडिओथेरपीत स्वतंत्रपणे काम करण्यासाठी मान्यताप्राप्त विभागात बारा महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते, आणि त्या वर्षात हात इतका तयार होतो की नंतर बहुतेक जण तिथेच राहतात. न्यूक्लिअर मेडिसिनसाठी त्या विषयाची एम.एस्सी. हा थेट मार्ग आहे. ज्याची ओढ आधीपासून या विषयाकडेच आहे, त्याने ‘आधी डिप्लोमा करू, मग बघू’ असे म्हणण्याऐवजी हा थेट मार्ग आधी तपासावा.

दिवस कसा जातो

न्यूक्लिअर मेडिसिनचा दिवस पहाटे सुरू होतो. गॅमा कॅमेऱ्याने होणाऱ्या तपासण्यांत वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चा अर्धायुकाल सुमारे ६ तासांचा असल्याने ते साठवून ठेवता येत नाही. मॉलिब्डेनम-९९ असलेल्या जनरेटरमधून ते रोज सकाळी काढावे लागते, आणि त्यासोबत मॉलिब्डेनम उतरले नाही ना हे तपासावे लागते, कारण दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी ही त्याची मान्य मर्यादा आहे. डोस कॅलिब्रेटर (औषधाची किरणोत्सारिता मोजणारे उपकरण) रोज सीझियम-१३७ च्या स्रोताने पडताळायचा, गॅमा कॅमेऱ्याची एकसमानता पाहायची, पीईटीची रोजची चाचणी घ्यायची, आणि हे सर्व पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी.

त्यातच एफडीजीची, म्हणजे पीईटीसाठी लागणाऱ्या फ्लुओरिन-१८ युक्त औषधाची, गाडी यायची असते. फ्लुओरिन-१८ चा अर्धायुकाल ११० मिनिटांचा आहे, म्हणजे गाडी घोडबंदर रस्त्यावर किंवा सायन-पनवेल महामार्गावर तासभर अडकली तर औषधाची जवळपास एक-तृतीयांश किरणोत्सारिता वाटेतच संपते. अशा वेळी यादीतील कोणत्या रुग्णाला आधी घ्यायचे, कोणाला किती मात्रा द्यायची आणि शेवटच्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी बोलवायचे का, हे ठरवणारा माणूस म्हणजे तिथला फिजिसिस्ट किंवा आरएसओ. आकडेमोड सोपी असते. ती घाईत, आणि उपाशीपोटी बसलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसमोर करावी लागते, हे अवघड असते.

रेडिओथेरपीत उलट, दिवस संध्याकाळकडे लांबतो. सकाळी लिनॅकची रोजची तपासणी झाली की यंत्र रुग्णांच्या ताब्यात जाते. आयएमआरटी किंवा व्हीमॅट या, किरणांची तीव्रता बदलून ते गाठीच्या आकाराला जुळवणाऱ्या, पद्धतीने आखलेला उपचार रुग्णाला देण्यापूर्वी यंत्रावर प्रत्यक्ष मोजून पाहायचा असतो, आणि ते मोजमाप यंत्र मोकळे झाल्यावरच करता येते. ठाण्याहून खारघरला किंवा बेलापूरला ट्रान्स-हार्बर लोकलने रोज जाणाऱ्याने हा फरक गंभीरपणे घ्यावा. एका वाटेत पहाटेची गाडी पकडावी लागते, दुसऱ्या वाटेत रात्रीची. घरात लहान मूल किंवा वृद्ध आईवडील असतील तर पगारातल्या फरकापेक्षा हा फरक जास्त जाणवतो.

गणिताचा पोत

भौतिकशास्त्राची खरी आवड असणाऱ्याने सर्वांत जास्त विचार या मुद्द्यावर करावा, असे मला वाटते.

रेडिओथेरपीत अचूकतेची परंपरा जुनी आणि कडक आहे. ठरवलेली मात्रा सुमारे ५ टक्क्यांच्या आत रुग्णाला मिळावी ही अपेक्षा अनेक दशकांपासून रूढ आहे, आणि तिच्यासाठी लिनॅकचे उत्सर्जन पाण्यात आयनीकरण कक्ष ठेवून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ या नियमावलीप्रमाणे मोजले जाते. प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र आखणी होते, तिच्यावर फिजिसिस्टची सही असते, आणि मूत्राशयाला, मेरुरज्जूला किंवा फुप्फुसाला किती मात्रा गेली हे आकड्यांत सांगता येते. काम नेमके असते, चूक लवकर सापडते आणि शिकवणारे वरिष्ठ उपलब्ध असतात. नव्या माणसाला घडण्यासाठी याहून चांगली जागा क्वचितच मिळेल.

न्यूक्लिअर मेडिसिनच्या निदान विभागात फिजिसिस्टचे काम मुख्यतः प्रतिमेच्या विश्वासार्हतेचे असते. पीईटीमध्ये गाठीने किती औषध घेतले याचा जो आकडा डॉक्टर वाचतात, त्याच्यामागे कॅलिब्रेटर, स्कॅनर, रुग्णाचे वजन आणि घड्याळ या सर्वांचा मेळ असतो. इंजेक्शनच्या खोलीतले घड्याळ आणि स्कॅनरचे घड्याळ यांत दहा मिनिटांचा फरक असेल तर एवढ्यानेच आकडा सुमारे ६ टक्के बिघडतो. केमोथेरपीचा परिणाम होतो आहे की नाही हे अशा आकड्यांवरून ठरत असताना हे घड्याळ कोण पाहते, याला महत्त्व आहे. परंतु खरे सांगायचे तर, एकदा ही शिस्त बसली की निदानाच्या कामात नवे गणित फारसे उरत नाही.

चित्र बदलते ते उपचारांत. थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ पूर्वीपासून दिले जाते. आता न्यूरोएंडोक्राइन गाठी (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठी) आणि प्रोस्टेटचा कर्करोग यांसाठी ल्युटेशियम-१७७ असलेली औषधेही देतात. न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी प्रचलित पद्धत अशी, की ७.४ गिगाबेकरेल, म्हणजे २०० मिलिक्युरी, दर आठ आठवड्यांनी चार वेळा. पन्नास किलोच्या आणि नव्वद किलोच्या रुग्णालाही तेवढीच. रेडिओथेरपीतल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, कारण त्याच्या विभागात प्रत्येक मूत्रपिंडाची मात्रा स्वतंत्र मोजली जाते आणि इथे सर्वांना एकच माप. ल्युटेशियम-१७७ मधून २०८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरणही बाहेर पडतात, त्यामुळे औषध दिल्यानंतर वेगवेगळ्या दिवशी स्पेक्ट (गॅमा कॅमेऱ्याने घेतलेल्या त्रिमितीय) प्रतिमा घेऊन मूत्रपिंडाला आणि गाठीला प्रत्यक्षात किती मात्रा मिळाली हे काढता येते. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात किरणोत्सारी औषधांच्या उपचारांसाठीही रुग्णनिहाय आखणीची अपेक्षा आहे. आपल्याकडे अडचण गणिताची कमी आणि व्यवहाराची जास्त आहे. मुरबाडहून किंवा कर्जतहून आलेल्या रुग्णाला घरी सोडल्यावर चौथ्या आणि सातव्या दिवशी केवळ प्रतिमेसाठी पुन्हा बोलवायचे, तर गाडीभाडे, सोबतीला येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि आधीच भरलेला कॅमेरा या तिन्हींचा हिशेब घालावा लागतो. कमी प्रतिमांत पुरेसे अचूक उत्तर कसे मिळवायचे हा आजचा खरा प्रश्न आहे. तो भौतिकशास्त्राचाच आहे, आणि त्यावर काम करायला आपल्याकडे माणसे अजून थोडी आहेत. न्यूक्लिअर मेडिसिन निवडण्याचे सर्वांत सबळ कारण मला हेच दिसते.

स्वतःला मिळणारी मात्रा

याबद्दल घरच्यांना काळजी असते म्हणून लिहितो. नियामक मंडळाच्या मर्यादेप्रमाणे कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये. लिनॅकवर काम करणाऱ्या फिजिसिस्टचा टीएलडी बॅज (अंगावर लावलेला, मिळालेली मात्रा नोंदवणारा बिल्ला) बहुधा नगण्य आकडा दाखवतो, कारण यंत्र बंद झाले की किरणही थांबतात. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये स्रोत बंद करता येत नाही. रुग्ण स्वतःच काही तास किंवा दिवस स्रोत असतो, आणि मात्रा भरणाऱ्याच्या बोटांना सर्वाधिक किरणोत्सर्ग मिळतो. ज्या शिशाच्या एप्रनवर क्ष-किरण विभागात भिस्त ठेवली जाते, तो पीईटीच्या ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांपुढे जवळपास निरुपयोगी असतो. तिथे टंगस्टनचे सिरिंज-कवच, अंतर आणि हाताचा वेग हेच कामी येतात. नीट चालवलेल्या विभागात मर्यादेच्या खूप खाली राहता येते, पण ते आपोआप घडत नाही. गर्भारपण जाहीर केल्यावर गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळू नये असे बंधन आहे. रेडिओथेरपीत आखणीचे काम संगणकावर चालू ठेवता येते. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये त्या काळापुरते काम बदलून द्यावे लागते, आणि दोनच कर्मचारी असलेल्या केंद्रात ते कसे जमवणार हे मुलाखतीतच मोकळेपणाने विचारावे.

जबाबदारी आणि नोकरीची बाजारपेठ

आरएसओ दोन्हीकडे असतो, पण न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये त्याच्या कागदपत्रांचा ओघ अधिक असतो. स्रोतांच्या खरेदीची परवानगी, आवक-नोंद, कचऱ्याचा साठा, आयोडीन घेतलेल्या रुग्णांच्या स्वच्छतागृहातील पाणी साठवणारी डिले टँक, सांडलेल्या औषधाची सफाई, आणि हे सर्व ई-लोरा या नियामक मंडळाच्या ऑनलाइन प्रणालीवर वेळेत भरणे. शिवाय पगार देणारे व्यवस्थापन रुग्णसंख्या वाढवू पाहत असताना ‘आज खोली रिकामी नाही, आयोडीन देता येणार नाही’ असे सांगण्याचा प्रसंग त्याच्यावरच येतो. ज्यांना असा नकार देता येत नाही त्यांनी हे पद घेऊ नये.

नोकऱ्यांचे म्हणाल तर रेडिओथेरपीचे पारडे स्पष्टपणे जड आहे. नवे लिनॅक आले की फिजिसिस्टची जागा निघतेच, त्यामुळे एका रुग्णालयातून दुसऱ्यात जाणे सोपे पडते आणि पगाराची बोलणी करता येतात.

निवड करताना

ज्याला लवकर स्थिर उत्पन्न, ठरलेले शिक्षण आणि बदलीची मुभा हवी आहे, त्याने रेडिओथेरपी घ्यावी, यात मला शंका नाही. ज्याला केवळ ‘कमी गर्दीचे क्षेत्र’ म्हणून न्यूक्लिअर मेडिसिन आकर्षक वाटते, त्यानेही रेडिओथेरपीच घ्यावी. न्यूक्लिअर मेडिसिनची शिफारस मी अशांनाच करेन, ज्यांना ल्युटेशियम आणि आयोडीनचे उपचार करणाऱ्या विभागात जागा मिळते आहे, किंवा जे त्यासाठी मोठ्या संस्थेत कमी वेतनाची दोन-तीन वर्षे काढायला तयार आहेत. केवळ एफडीजीचे स्कॅन करणाऱ्या केंद्रातली फिजिसिस्टची नोकरी सोयीची असू शकते, पण तिच्यातून पुढची वाट निघत नाही.

मुलाखतीला गेल्यावर विभाग पाहू द्यावा अशी विनंती करावी. उपचारांसाठी वेगळी खोली आहे का आणि ती महिन्यातून किती वेळा भरते, डोस कॅलिब्रेटरच्या रोजच्या नोंदी कोणाच्या हस्ताक्षरात आहेत, आरएसओ रजेवर असताना कोण काम पाहतो, उपचारानंतरच्या प्रतिमांवर कोणी मात्रा काढते का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला विभागप्रमुखांनी ‘अजून नाही, पण करायचे आहे’ असे उत्तर दिले, तर त्यासाठी कॅमेऱ्याचा वेळ आणि संगणकप्रणाली मंजूर झाली आहे का, एवढे लगेच विचारून घ्यावे.