दंडाला बांधायचं बीपी मशीन : सव्वा वर्ष वापरल्यानंतर

मी देवगडला एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे, वय ४८. कामाचं आधी सांगते, कारण हे मशीन घरात आलं ते त्या कामामुळे. आमच्या वसुलीचा जोर मार्चात असतो. ३१ तारखेच्या आत थकबाकी खाली यायला हवी. बागायतदाराच्या हातात मात्र पैसा येतो एप्रिल-मेमध्ये, आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात गेल्यावर. फवारण्या झालेल्या, राखणदाराचा पगार दिलेला, आणि आंबा अजून झाडावर. अशा माणसाच्या खळ्यात बसून हप्ता मागायचा. त्याचंही खरं असतं आणि माझंही. त्यातच शिमगा येतो, निम्मी शाखा रजेवर जाते, संध्याकाळी कॅश जुळत नाही आणि ऑडिटरचा फोन येतो.

गेल्या वर्षी मार्चात मान आणि डोक्याची मागची बाजू सतत जड वाटायची, म्हणून दवाखान्यात गेले. तिथे बीपी १५८/९८ निघालं. डॉक्टर म्हणाले, "एका आकड्यावर गोळी सुरू करत नाही. दवाखान्यात पुष्कळांचं वाढतं. आठवडाभर घरी मोजून आणा."

मुलाने पुण्याहून आधी मनगटाचं मशीन पाठवलं. छोटं, देखणं, पण माझ्या उपयोगाचं ठरलं नाही. मोजताना मनगट छातीच्या उंचीवर धरावं लागतं. मांडीवर ठेवलं की आकडा उगाच चढतो, वर धरलं की उतरतो. पाच मिनिटांच्या अंतराने १३१ आणि १५४ दाखवलं, तेव्हा ते परत केलं. मग कणकवलीला सर्जिकलच्या दुकानातून दंडाचं घेतलं, २,१५० रुपयांना. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही दंडाच्या मशीनला लागू पडेल.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पट्टा. दुकानात तो कोणी मोजून देत नाही. शिवणाच्या टेपने दंडाचा घेर मोजूनच जा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो आणि माझा दंड ३४ भरला. आखूड पट्टा घट्ट बसला की बीपी आहे त्याहून जास्त दिसतं. मी २२ ते ४२चा मागून घेतला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटं सोडून बांधायचा, ब्लाउजच्या बाहीवर नाही.

आता मोजण्याबद्दल. अर्धा तास आधी चहा नाही, तंबाखू नाही, जिना चढउतार नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून खुर्चीत बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. असं पाच मिनिटं गप्प बसायचं. मगच बटण दाबायचं, आणि मशीन चालू असतानाही बोलायचं नाही. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि संध्याकाळी. असे सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९०ची जी रेघ धरतात ती घरच्या मोजणीला १३५/८५ धरतात, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मी जुन्या किर्दीच्या कागदावर रकाने आखले : तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी, आणि शेवटी "दिवस कसा गेला". मला मनातून वाटत होतं की घरी सगळं ठीक निघेल आणि दवाखान्याची भीती एवढंच कारण ठरेल. तसं झालं नाही. सरासरी १४१/९१ आली. आई-वडील दोघांनाही बीपी होतं, त्यामुळे सगळं खापर नोकरीवर फोडता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. कमी ताकदीची गोळी सुरू झाली. वाईट वाटलं, पण अंदाजावर दिवस काढण्यापेक्षा ते बरं होतं.

तो शेवटचा रकाना मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. थकबाकीदाराच्या घरी जाऊन आल्यावर आकडा वाढेल असं मला वाटायचं. तसं फारसं दिसलं नाही. वाढायचा तो रात्री जेवताना शाखेचे फोन घेतलेल्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी, झोप मोडलेली असायची तेव्हा. मग साडेआठनंतर फोन माडीवर ठेवायला लागले. अध्यक्षांना तसं सांगितलं, त्यांनी मान्य केलं. आधीच का सांगितलं नाही याची खंत वाटते.

दुसरं मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा. आमच्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सुकी मासळी भरून ठेवतात आणि पावसाळाभर खारा बांगडा, सुकट, सोबत लोणचं-पापड हेच चालतं. गेल्या पावसात बांगडा आठवड्यातून एकदाच केला, तोही दोनदा पाण्यातून काढून. सासूबाईंना ते पटायला वेळ लागला. आता मशीनमधली दुसरी मेमरी त्यांची आहे. मी डोळे मिटून बसले की त्या पोरांना दटावतात, "गप रवा रे, ती बसली हा." दिवसभरात माझ्याकडे कोणी काही मागत नाही अशी ती पाच मिनिटं. औषध गोळीच आहे, पण त्या बसण्याची मला आता ओढ लागली आहे. संध्याकाळचं मोजून झालं की पवनचक्क्यांच्या बाजूला चालून येते, पाऊस नसेल तर.

तक्रारी आहेत. अॅडॉप्टर सोबत येत नाही, ३५० रुपये वेगळे पडले. मशीन चार पेन्सिल सेलवर चालतं, आणि आमच्याकडे पावसात वीज गेली की तासन्‌तास येत नाही, त्यामुळे सेल हवेतच. पण जुलैत दमट हवेने सेलच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला आणि मशीन मध्येच बंद पडायला लागलं. कोरड्या फडक्याने पुसून चालू झालं. आता वापर नसला की सेल काढते आणि मशीन पापडाच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, चपलांच्या खोक्यातून येतात त्या पुड्यांसकट ठेवते. आकडे मोठे आहेत, सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसतात. माहितीपत्रकात मराठी नाही, ही माझी खरी नाराजी. ज्यांना हे मशीन सगळ्यात जास्त लागतं त्यांनाच ते वाचता येत नाही. वर्षातून एकदा मी मशीन दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घेते. यंदा ४चा फरक आला, डॉक्टर म्हणाले चालेल.

सगळ्यांनी घ्यावं असंही नाही. माझा चुलत दीर दिवसाला पंधरा-वीस वेळा मोजायचा. आकडा वर गेला की घाबरायचा, घाबरला की अजून वर. त्याच्या डॉक्टरांनी मशीन कपाटात ठेवायला लावलं. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्यांनीही डॉक्टरांना विचारूनच यावर विसंबावं. आणि १८०/१२०च्या वर आकडा असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, तर पुन्हा मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

ऑगस्टमध्ये एक दिवस मशीन शाखेत नेलं होतं. आमचे पिग्मी एजंट, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत गोळा करणारे, वय ५२, वीस वर्षं रोज बाजारपेठेत पायी फिरणारे. "मला काय होतंय, वहिनी," म्हणत बसले. १७८/१०८. पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, १७४/१०६. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं. त्याच दुपारी त्यांची पिग्मीची वही मी शिपायाकडे दिली आणि त्यांना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिशीपुढच्यांचं बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात, हे त्यांना माहीतही नव्हतं. आता ते दर सोमवारी सकाळी दहाला, कलेक्शनला निघण्याआधी, माझ्या केबिनमध्ये येऊन पाय सपाट टेकवून बसतात. परवा १३२/८४ होतं.