जुनी बोट घेताय फ्लोरिडात: स्टेट टायटल की कोस्ट गार्ड डॉक्युमेंटेशन?

अमेरिकेत सेकंडहँड बोट घेताना मालकीचा कागद दोन प्रकारचा असू शकतो, एक राज्याचं टायटल आणि दुसरं कोस्ट गार्डचं डॉक्युमेंटेशन (म्हणजे केंद्र सरकारकडची बोटीची नोंदणी), आणि बरेच जण समजतात की दुसरं केलं की राज्याचा टॅक्स सुटतो. साफ चूक! फ्लोरिडात ६ टक्के सेल्स टॅक्स दोन्हीकडे लागतो, (महागडी बोट असेल तर दिलासा एवढाच की बोटीमागे टॅक्स १८,००० डॉलरच्या वर जात नाही), आणि डॉक्युमेंटेड बोटीला राज्याचं टायटल लागत नसलं तरी तिथल्या पाण्यात चालवायची तर रजिस्ट्रेशन करावंच लागतं.

टायटल सोपं, विकणाऱ्याने सही केली की ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचं. लहान फिशिंग बोटीला हेच बरं, कारण डॉक्युमेंटेशनला किमान ५ नेट टन (हे वजन नव्हे, बोटीच्या आतल्या जागेचं माप) लागतात, म्हणजे साधारण पंचवीस फुटांच्या पुढची बोट. शिवाय मालक अमेरिकन सिटिझन हवा, ग्रीनकार्डवाल्या आपल्या मंडळींचा विषय तिथेच संपला.

पण मोठी बोट, बँकेचं लोन, बहामाला जायचा विचार असं असेल तर मी डॉक्युमेंटेशनच घेईन. रिन्यूअल वर्षाला २६ डॉलर फक्त. आणि कोस्ट गार्डकडून ॲबस्ट्रॅक्ट ऑफ टायटल मागवलं की आधीचे मालक, नोंदवलेलं कर्ज सगळं एका कागदावर दिसतं, ते बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका हो. कागद कुठलाही असो, बोटीच्या मागच्या बाजूचा हल नंबर (बोटीचा ओळख क्रमांक) त्याच्याशी स्वतः जुळवून बघा.