हेडलाइटवरील टीपीयू फिल्म : १६ महिने आणि २७,००० किलोमीटरनंतर

मागच्या वर्षी जानेवारीत मी उडणाऱ्या दगडांपासून बचाव म्हणून माझ्या गाडीच्या दोन्ही हेडलाइटवर पारदर्शक टीपीयू फिल्म, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, बसवून घेतली आणि या मे महिन्यात डाव्या दिव्यावरची फिल्म सोलून खालची काच, म्हणजे खरे तर खालचे प्लास्टिक, उन्हात नीट पाहिले. मधल्या १६ महिन्यांत गाडी २७,००० किलोमीटर चालली आणि त्यात दोन उन्हाळे व एक पूर्ण पावसाळा आला. फिल्म बसवल्यावर दुसऱ्याच आठवड्यात लिहिलेले कौतुक कोणाच्या उपयोगाचे नसते, म्हणून इतके दिवस थांबलो.

माझे काम जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांच्या देखभालीचे आहे. कापसाच्या हंगामात आठवड्यातून तीन-चार वेळा मानेवाड्याहून निघून बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, कधी वरोऱ्यावरून वणी, आणि अधूनमधून उमरेड-भिवापूर अशा फेऱ्या होतात. या सगळ्या रस्त्यांवर कोळसा, गिट्टी आणि मुरूम वाहणाऱ्या टिप्परची वर्दळ असते. उमरेड रस्त्यावर पाचगावच्या बाजूला खदानी आणि क्रशर असल्याने तेथे तर रस्त्याच्या कडेला चुरीचा थरच साचलेला दिसतो. नागपुरात एका वस्तीचे नावच गिट्टीखदान आहे, तेव्हा उडणाऱ्या दगडांची तक्रार नागपूरकराने कोणत्या तोंडाने करावी, हा प्रश्न आहेच.

आधीच्या गाडीचे दिवे चार वर्षांत देवीचे वण पडल्यासारखे झाले होते. अॅम्बॅसेडरच्या काळातील हेडलाइट खऱ्या काचेचे असत; त्यांना ओरखडे सहसा पडत नसत, पण मोठा दगड बसला की काच तडकत असे. आताची लेन्स, म्हणजे दिव्याचे पुढचे आवरण, पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकची असते. ती सहजासहजी फुटत नाही, परंतु मऊ असते आणि म्हणून तिच्यावर कारखान्यातच काही मायक्रॉन जाडीचा कठीण लेप दिलेला असतो. बारीक खडे हा लेप ठिकठिकाणी टवके काढून उडवतात, तेथून सूर्याचे अतिनील किरण थेट प्लास्टिकपर्यंत पोहोचतात आणि लेन्स पिवळी पडू लागते. आधीच्या गाडीला मी पॉलिश करून घेतले होते. पाण्याच्या सँडपेपरने घासून दिवे अगदी नव्यासारखे झाले आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुन्हा पिवळसर पडले, कारण घासताना उरलासुरला लेपही निघून गेला होता आणि त्यावर नवा संरक्षक लेप कोणी दिलाच नव्हता. पॉलिश करणाऱ्याने हे आधी सांगायला हवे होते. मीही विचारायला हवे होते.

या वेळी गाडी घेतल्यावर दीड महिन्यातच फिल्म लावली. बाजारात 'हेडलाइट फिल्म' या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात, आणि हा फरक समजून न घेता पैसे खर्च करणे म्हणजे आंधळी कोशिंबीर आहे. एक असते पीव्हीसीची स्वस्त फिल्म आणि दुसरी थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेनची, म्हणजेच टीपीयू. पीव्हीसी ताणली की ताणलेली राहते किंवा उन्हात आक्रसून कडा सोडते. टीपीयू रबरासारखी लवचीक असते. खडा आदळला की ती दबते, धक्का आजूबाजूला पसरवते आणि पुन्हा पूर्वपदावर येते. माझ्या फिल्मची जाडी सुमारे २०० मायक्रॉन, म्हणजे ०.२ मिलिमीटर आहे. दोन्ही दिव्यांचे २,८०० रुपये झाले. फॉग लॅम्पसाठी आणखी ९०० रुपये सांगितले होते, ते मी 'वाचवले'. त्याची कथा पुढे येईल.

बसवण्याच्या कामात एक गोष्ट मला खटकली. साबणाचे पाणी फवारून, स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, पाणी बाहेर काढत आणि हीट गनने वळणांवर फिल्म ताणत त्या मुलाने काम उत्तम केले, पण शेवटी कडेची जादा फिल्म त्याने थेट लेन्सवर ब्लेड ठेवून कापली. उजव्या दिव्याच्या वरच्या कडेला त्याची केसाएवढी रेघ कायमची उमटली आहे. यंत्रावर आधीच मापाने कापलेली फिल्म मिळत असेल तर तीच घ्यावी, किंवा कडा लेन्सच्या बाहेर, बॉनेटच्या फटीत कापायला सांगावे. दगडापासून वाचवायला गेलो आणि पहिला ओरखडा ब्लेडचा निघाला.

पहिले चार-पाच दिवस फिल्मखाली पाण्याचे पुसट फुगे दिसत होते. ते आपोआप विरले. आठवडाभर गाडी धुऊ नये असे सांगितले होते, तेवढे पथ्य पाळले. रात्रीच्या प्रकाशात मला काहीही फरक जाणवला नाही. घराच्या फाटकासमोर ठरलेल्या जागी गाडी उभी करून भिंतीवरची प्रकाशाची वरची रेघ मी आधी आणि नंतर खडूने आखली होती, ती जागची हलली नाही. धुरकट किंवा निळसर छटेच्या फिल्म हौशी लोक लावतात, त्या फिल्ममुळे मात्र प्रकाश निश्चितच कमी होतो, आणि ज्या रस्त्यावर समोरून विनादिव्याचा ट्रॅक्टर येऊ शकतो त्या रस्त्यावर ही हौस मला परवडणारी वाटत नाही.

उन्हाळ्याची मला अधिक भीती होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि माझी गाडी जिनिंगच्या आवारात दिवसभर उघड्यावर उभी असते. पहिल्या उन्हाळ्यात फिल्मला काहीच झाले नाही. उलट, कापडाने पुसताना पडलेल्या बारीक रेघा उन्हात दोन तासांत नाहीशा झाल्या. टीपीयूचा वरचा थर उष्णतेने मऊ होऊन सावरतो, यासाठी काही जण गरम पाणी ओततात. नागपुरात एप्रिलनंतर त्या पाण्याची आवश्यकता नाही. अर्थात ही किमया फक्त वरवरच्या रेघांपुरती आहे. खड्याने पाडलेला खड्डा उन्हाने भरून येत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात, पांढरा कागद शेजारी धरून पाहिले तर, फिल्ममध्ये किंचित पिवळसर झाक आलेली दिसली. नुसत्या डोळ्यांना ती कळत नाही.

पावसाळ्यातील अनुभव थोडा संमिश्र आहे. काळ्या मातीचा चिखल फिल्मच्या कडेला चिकटून वाळला की तेथे काळपट किनार तयार होते, आणि ती नखाने खरवडायचा मोह टाळावा लागतो, कारण फिल्म उचलायला सुरुवात तेथूनच होते. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रत्येक वेळी सांगावे लागते की पाण्याचा जोराचा फवारा कडेवर जवळून मारू नका. समृद्धी महामार्गावर मी शिर्डीपर्यंत दोनदा गेलो; तेथे सिमेंटच्या स्वच्छ रस्त्यावर खडे नावापुरतेच लागले, पण सप्टेंबरच्या रात्री किड्यांचा असा सडा पडला की सकाळी दिवे ओळखू येईनात. ते किडे मी आळसाने दोन दिवस तसेच ठेवले आणि त्यांचे चार-पाच डाग फिल्मवर कायमचे राहिले. लेन्सवर राहिले असते त्यापेक्षा फिल्मवर राहिलेले बरे, एवढेच समाधान.

ऑगस्टमध्ये उजव्या दिव्यात आतून वाफ धरू लागली आणि मी सारा दोष फिल्मला दिला. फिल्ममुळे दिव्याचा श्वास कोंडला असावा, असा माझा तर्क होता. मेकॅनिकने मागचे झाकण उघडले आणि म्हणाला, "भाऊ, फिल्मचं काही नाही हो, बल्ब बदलताना मागचं रबर नीट बसवलंच नाही कोणी." हवा खेळण्याची भोके दिव्याच्या मागच्या बाजूला असतात, पुढून लावलेल्या फिल्मचा त्यांच्याशी संबंध नसतो. तो बल्ब मीच बदलला होता, हे मी त्याला सांगितले नाही.

आता मुख्य विषय, म्हणजे दगड. उडालेला दगड वेगाने आपल्या अंगावर येतो असे आपल्याला वाटते, पण पुष्कळदा पुढच्या गाडीच्या चाकांनी उचललेला खडा क्षणभर हवेत असतो आणि आपणच आपल्या वेगाने त्याच्यावर जाऊन आदळतो. म्हणून आपला वेग हीच त्या दगडाची ताकद ठरते, आणि ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते: ताशी ८० ऐवजी १२० ने जाणारी गाडी त्याच खड्याचा मार सव्वादोन पट जोराने खाते. टिप्परच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत अडकलेली गिट्टी हा सर्वांत वाईट प्रकार, कारण ती केव्हा सुटेल याचा नेम नसतो. ताडपत्री न बांधता काठोकाठ भरलेल्या टिप्परमधून सांडणारी चुरी हा दुसरा. तिसरा प्रकार नव्या डांबरीकरणाचा, जेथे वरची बारीक गिट्टी अजून बसलेली नसते.

सोळा महिन्यांनी मी दोन्ही दिव्यांवरचे ठसे मोजले. डावीकडे २३ आणि उजवीकडे १४ निघाले. हा फरक पाहून आधी आश्चर्य वाटले, नंतर कारण लक्षात आले. चौपदरी रस्त्यावर अवजड गाड्या उजवी मार्गिका सोडत नाहीत, मग आपण डावीकडून पुढे काढतो आणि सगळी चुरी तर डाव्या कडेलाच साचलेली असते. म्हणजे डावीकडून ओव्हरटेक करण्याची सवय नियमाच्या दृष्टीने वाईट आहेच, दिव्याच्या दृष्टीनेही वाईट आहे.

फिल्म न लावलेले फॉग लॅम्प हा माझ्या तुलनेचा नकळत तयार झालेला आधार होता. ते बंपरमध्ये खाली असल्याने मार अधिक खातात हे मान्य करूनही, दहाव्या महिन्यापर्यंत त्यांची अवस्था पाहण्यासारखी झाली होती, आणि डिसेंबरात जामच्या अलीकडे पहाटेच्या धुक्यात डाव्या फॉग लॅम्पला गिट्टी लागून तो सरळ तडकला. नवा दिवा ३,१०० रुपयांना पडला. वाचवलेले ९०० रुपये मला तेव्हा आठवले.

फिल्म सर्व काही झेलते असे मात्र मुळीच नाही. मार्चमध्ये वरोऱ्याच्या रस्त्यावर सुपारीएवढा दगड डाव्या हेडलाइटवर बसला. आवाज असा झाला की मी गाडी बाजूला घेतली. फिल्म आरपार फाटली होती आणि खाली लेन्सला ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा पडला होता. फिल्म नसती तर लेन्सला तडा गेला असता का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. माझा अंदाज असा की तुरीच्या डाळीएवढ्या खड्यापर्यंत फिल्म निश्चिंत ठेवते, १० मिलिमीटरच्या गिट्टीला कसेबसे तोंड देते आणि २० मिलिमीटरच्या गिट्टीपुढे हात टेकते.

त्या फाटलेल्या जागेतून धूळ शिरू लागली म्हणून मे महिन्यात डावी फिल्म काढली. हेअर ड्रायरने कोमट करून, एका कोपऱ्यापासून लेन्सला जवळजवळ समांतर ओढत ती दहा मिनिटांत सुटली. गोंदाचे जे थोडे डाग राहिले ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाले. येथे थिनर किंवा पेट्रोल वापरू नये, कारण पॉलीकार्बोनेटवर त्याने जाळीदार भेगा पडू शकतात. खालची लेन्स पाहिली तर तो एक खळगा वगळता स्वच्छ होती. बाकीचे २२ ठसे फिल्मबरोबर निघून आले होते. ती चिंधी मी अजून ठेवली आहे. उजेडासमोर धरली की चाळणीसारखी दिसते.

दिव्यांसमोर बसवायची लोखंडी जाळी आणि अॅक्रिलिकची टणक कवचे यांचाही मी विचार केला होता. जाळीची सावली रस्त्यावर पडते आणि बारीक खडे तिच्यातून सुखेनैव जातात. कवच आणि लेन्स यांच्या फटीत आपल्या धुळीने काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

विम्याचा हिशेबही करून पाहावा. सर्वसाधारण पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर मात्र काहीच कापत नाहीत; हेडलाइट दिसायला काच असला तरी तो प्लास्टिकमध्ये मोडतो. शून्य घसाऱ्याचे (झीरो डेप) जोडकलम नसेल तर माझ्या गाडीच्या १४,००० रुपयांच्या दिव्यामागे निम्मी रक्कम खिशातून जाईल, वर अनिवार्य वजावट आणि गेलेला नो क्लेम बोनस वेगळा. एका दिव्यासाठी दावा करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

फिल्मखेरीज मी बदललेली एकच गोष्ट म्हणजे टिप्परमागचे अंतर. ताशी १०० ने जाताना तीन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे ८३ मीटर होतात. एवढी जागा सोडली की मध्ये कोणीतरी घुसतोच, तरी सोडतो, आणि मार्चनंतर नवा मोठा ठसा पडलेला नाही.

डाव्या दिव्यावर आणि दोन्ही फॉग लॅम्पवर आता तशीच नवी फिल्म बसवली आहे, या वेळी यंत्रावर कापलेली. एकूण २,५०० रुपये लागले. उजव्या दिव्यावर जुनीच आहे. तिचा खालचा कोपरा बोटाच्या पेराएवढा उचलला आहे, पण पावसाळा तोंडावर असल्याने तो चिखल याच फिल्मला खाऊ द्यावा आणि दिवाळीच्या सुमारास ती बदलावी, असे ठरवले आहे.