जुळे सोलापुरात घरावर ३ किलोवॅट सोलर बसवलं: बसवणारा कसा निवडला, काम कसं झालं

सरळच सांगतो, पॅनल कुठल्या कंपनीचं यावर लोकं जेवढं डोकं लावतात त्याच्या निम्मं जरी बसवणारा कोण यावर लावलं तर पुढचा बराच ताप वाचतो. वारी घ्या, अदानी घ्या, टाटा घ्या, सबसिडीत बसणारं पॅनल सरकारच्या यादीतलंच लागतं, वॉरंटीचे आकडे पण साधारण तेच ते. पण ते स्लॅबवर कुठं बसवायचं, कशावर उभं करायचं, अर्थिंगला खरंच खड्डा खणायचा की वायर नुसती मातीत खुपसायची, हे सगळं त्या माणसाच्या हातात असतं. आणि आपल्या सोलापुरात आता दर दोन खांबांमागे सोलरचा फ्लेक्स लागलाय, त्यात काल इन्व्हर्टर बॅटरी विकणारे, परवा सीसीटीव्ही बसवणारे सगळेच आलेत. आमच्यावाल्याचं नाव टाकत नाहीये, नाव टाकलं की जाहिरात वाटते, आणि आमचं काम नीट केलं म्हणून तुमचं करेलच याची गॅरंटी मी कशाला घेऊ.

आमचं घर म्हणजे खाली वर मिळून चार खोल्या, वर आरसीसी स्लॅब, स्लॅबवर दोन टाक्या (नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणल्यावर एका टाकीत कुणाचं भागतं). उन्हाळ्यात कूलर आणि एक एसी, त्यामुळं एप्रिल-मेचं बिल ३०० युनिटच्या वर जातं आणि तिथून पुढचा दराचा टप्पा लई महाग पडतो. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, म्हणजे ३ किलोवॅटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास, एवढं आम्हाला पुरे. गावठाणात ज्यांचं अजून माळवद आहे त्यांनी मात्र आधी सिव्हिलवाल्याला दाखवा, ते वजन आणि वारा दोन्ही झेपायला पाहिजे.

आता जे आले त्यांच्याबद्दल. बहुतेक जण हॉलमध्येच बसले. चहा घेतला, मोबाईलवर सॅटेलाईटचा फोटो उघडला, घरावर बोट ठेवलं आणि तिथंच कोटेशन. वर स्लॅबवर जाऊया का म्हणलं तर "काही गरज नाही ओ काका, आमचे इंजिनिअर येतील नंतर" म्हणे. एक जण म्हणला बिल शून्य येणार. येत नाही. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो, ते महावितरणच्या बिलावरच लिहिलेलं असतं, वाचत कोण नाही एवढंच. दुसरा म्हणला लाईट गेली तरी घर चालू राहणार, हे तर सरळ खोटं, कारण साधं ऑनग्रिड (म्हणजे बॅटरी नसलेलं, थेट महावितरणच्या लाईनला जोडलेलं) इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद पडतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातनं शॉक बसेल. लाईट गेल्यावर चालवायचं असेल तर बॅटरीवालं हायब्रीड घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च वेगळा.

तिसऱ्याचं म्हणणं ५ किलोवॅट घ्या, सबसिडी जास्त मिळते. हे ऐकून लई लोकं फसत असतील. घरावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, त्यात पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रमाणे ६०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, झाले ७८,०००. त्याच्या पुढं तुम्ही पाच बसवा नाहीतर दहा बसवा, घरगुतीला ७८,००० च. आणि जास्तीची वीज विकून पैसे येतील हे पण डोक्यातनं काढा, उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात पण मार्चअखेरीस हिशोब होतो आणि तेव्हा जे शिल्लक राहतं त्याला मिळणारा भाव आपण भरतो त्याच्या जवळपास पण नसतो. म्हणजे गरजेपेक्षा मोठं लावलं तर फायदा विकणाऱ्याचा. अजून एकाचं कोटेशन बघितलं तर त्यात पॅनलवर जीएसटी १२ टक्केच लावलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्के झालाय म्हणून दाखवल्यावर "सॉफ्टवेअर अपडेट नाही" म्हणाला. ठीक आहे, तुमचं सॉफ्टवेअर अपडेट होईपर्यंत आम्ही थांबतो म्हणलं, परत फोन आला नाही.

ज्याला काम दिलं तो आला तो बुटासकट जिन्यानं डायरेक्ट वर. पाणी पण नंतर मागितलं. स्लॅबवर दक्षिणेला आमची मोठी टाकी, लोखंडी स्टँडवर ठेवलेली. तो टेप घेऊन टाकीची उंची मोजला, मग खडूनं स्लॅबवर एक लांबडा चौकोन काढला आणि म्हणला, "आत्ता सावली इथवर दिसतीय, पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा ती इथवर येणार, या चौकोनात पॅनल नको." एका लायनीतल्या एका पॅनलवर सावली पडली तरी बाकीच्यांचा पण दम जातो, हे त्यानं सांगितलं तेव्हा पटलं. मग शेजारच्या प्लॉटकडं बोट करून विचारला यांचं वर मजला चढवायचं काही चाललंय का. आमचे वडील खुर्ची टाकून बसलेले, मला हळूच विचारतात, "हा माणूस पॅनल विकायला आलाय का, नुस्तं सावलीच बघूलालाय."

त्यानंतर त्यानं मागितलं ते पूर्ण वर्षाचं बिल. एकट्या मे महिन्याचं बिल बघून साईज काढणारे कूलरचा भार बारा महिने धरतात. बिल हातात घेतल्यावर पहिल्यांदा नाव बघितलं, ते आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन किती वर्षं झाली. म्हणला आधी हे नाव बदलून घ्या, अर्जावरचं नाव, बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं नाही तर सबसिडी अडकती. मग मंजूर भार बघितला, म्हणजे महावितरणनं घराला किती किलोवॅट मंजूर केलेत ते. बाकी कुणीच हे दोन कॉलम बघितले नव्हते. खरं तर याच्यात त्याचं नुकसान होतं, काम महिनाभर पुढं गेलं, तरी सांगितलं. माझ्या मते भरवशाचा माणूस ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण, स्वतःचा गल्ला लांबणीवर पडेल अशी गोष्ट तो आपणहून सांगतो का.

स्ट्रक्चरवर जरा जास्त लिहितो कारण पैसे इथंच वाचवले जातात. आईला खाली जागा पाहिजे होती, कुरडया, पापड, शेंगा वाळवायला, म्हणून उंच स्ट्रक्चर घेतलं. उंच केलं की वारा जास्त लागतो, आपल्याकडं मे महिन्यात वळवाचं वादळ येतं तेव्हा पत्रे उडतात हे सगळ्यांनी बघितलंय. तर विचारायचं काय, की पाईप हॉट डीप गॅल्वनाईज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) आहे का, आणि जोड नट-बोल्टनं आहेत का साईटवर वेल्डिंग मारणार. वेल्डिंग मारलं की तिथला जस्ताचा थर जळतो, वरनं चंदेरी रंग फासतात, दोन पावसाळ्यात गंज. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. आणि पाय स्लॅबला भोक पाडून ठोकणार का वर काँक्रीटचे ठोकळे ओतणार, भोक पाडलं तर वॉटरप्रूफिंग कोण करणार हे कागदावर घ्या. आमच्यात ठोकळे ओतले, तीन दिवस पाणी मारायला लावलं, मगच पाईप उभे केले. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे पाहिजेत, वीज पडण्यापासून बचावाचा एक, डीसी म्हणजे पॅनलकडच्या बाजूचा एक, एसी म्हणजे इन्व्हर्टरनंतर घराकडच्या बाजूचा एक. स्वस्तातले लोक एकाच सळईला तिन्ही वायरी बांधतात. इन्व्हर्टर वर उन्हात लावू देऊ नका, आमच्याकडं ४४ डिग्री जातंय, तो बिचारा तापून आउटपुट कमी करतो. आमचा जिन्याखाली उत्तरेच्या भिंतीवर आहे.

अजून एक, जुनं काम दाखवा म्हणायचं. मागच्या महिन्यातलं काम सगळ्यांचंच चकाकतं. दोन-तीन वर्षं झालेलं दाखव म्हणलं तेव्हा बऱ्याच जणांनी फोटो पाठवले, यानं विजापूर रोडवरच्या एका घरचा पत्ता दिला आणि स्वतः सोबत आला नाही, हे मला आवडलं, मालक मोकळं बोलू शकले. मी तिथं पॅनल कमी बघितले, क्लॅम्प आणि बोल्ट जास्त बघितले, गंज नव्हता. मालकीणबाईंना विचारलं फोन उचलतो का, त्या म्हणाल्या, "उचलतो ओ, पण येतो म्हणलेल्या दिवशी येत नाही, दुसऱ्या दिवशी येतो." हा रिव्ह्यू इतका खरा निघाला की काय सांगू.

सूर्यघर योजनेचा अर्ज ज्या सरकारी पोर्टलवर भरतात त्याचं काम स्वतःच्या मोबाईल नंबरवरनं करा. काही जण म्हणतात तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही आमच्या नंबरवरनं रजिस्टर करतो. नको. नंबर त्यांचा असला की अर्ज कुठं अडकलाय ते तुम्हाला कळत नाही आणि उद्या भांडण झालं तर वेंडर बदलता येणं अवघड. वेंडर पोर्टलच्या यादीत आहे का ते तिथंच दिसतं. सबसिडी थेट आपल्या खात्यात येते, त्यामुळं "सबसिडी वजा करून एवढेच द्या" असं कुणी म्हणलं तर तो आकडा कसा काढला ते आधी लिहून मागा. आणि डीसीआर पॅनलच पाहिजे, म्हणजे पॅनल तर भारतातलं पाहिजेच पण आतला सेल पण भारतातच बनलेला पाहिजे, त्याशिवाय सबसिडी नाही. नॉन डीसीआर स्वस्त पडतं, कोटेशन एकदम खाली दिसलं की हेच कारण असतं बहुतेक. माल आल्यावर मागच्या स्टिकरवरचे सिरीयल नंबर मी फोटो काढून बिलाशी जुळवले, पोरं हसत होती, हसू देत.

पैसे म्हणाल तर सबसिडीच्या आधीचे दोन लाखाच्या थोडं आत, उंच स्ट्रक्चर धरून. आमच्याकडं आलेल्यात हे सगळ्यात स्वस्त नव्हतं. बुकिंगला थोडे, माल स्लॅबवर आल्यावर मोठा हप्ता, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (घेतलेली आणि लाईनला दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) बसल्यावर. हा शेवटचा हप्ता हातात ठेवाच. लोन पाहिजे असेल तर सरकारी बँका या योजनेत कमी व्याजानं देतात, आम्ही नाही घेतलं.

आता त्याच्या चुका. पॅनल बसवायचं काम झटपट झालं पण नंतरचे कागद अपलोड करायला त्याच्या ऑफिसातल्या पोरानं लई वेळ लावला, एक फोटो चुकीचा टाकला म्हणून अर्ज परत आला, तेवढे दिवस पॅनल नुसते उन्हात बसून. अर्थिंगचा टेस्ट रिपोर्ट मागितल्याशिवाय दिला नाही. आणि वायरचा पीव्हीसी पाईप पुढच्या भिंतीवरनं असा वाकडा आणला की रंग दिलेल्या घराची शोभाच गेली, क्लिपा दोन हातांवर एक, मधनं पाईप झोळासारखा लोंबतोय.

चालतंय कसं तर चांगलं. स्वच्छ उन्हाच्या दिवशी १२ ते १४ युनिट ॲपमध्ये दिसतात. मे महिन्यात ऊन जास्त म्हणून युनिट जास्त येतील असं वाटत होतं, तसं होत नाही, पॅनलचं रेटिंग २५ डिग्रीला असतं आणि आपल्याकडं दुपारी पॅनल साठच्या वर तापतं, तेव्हा दहा-बारा टक्के जातातच. हे पण त्यानं आधीच सांगितलं होतं म्हणून धक्का बसला नाही. धुळीचं मात्र बघावं लागतं, आठ-दहा दिवसात पिवळा थर बसतो. धुवायचं सकाळी लवकर, तापल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही, आणि बोअरचं पाणी तर नकोच, आमच्याकडचं बोअर खारं, वाळलं की पांढरे डाग राहतात आणि ते परत निघत नाहीत. नळाचं पाणी येतं त्या दिवशी दोन बादल्या बाजूला ठेवतो.

योजनेत वेंडरनं पाच वर्षं मेंटेनन्स बघायचं असतं, ते ॲग्रीमेंटमध्ये आहे का बघून सही करा. मधे वादळ झालं तेव्हा मी फोन केला, येतो म्हणला, आणि विजापूर रोडच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आला, सगळे बोल्ट पान्यानं आवळून गेला, पैसे घेतले नाहीत. पाचपैकी चार देतो. एक कापलाय तो त्या पुढच्या भिंतीवरच्या पाईपसाठी, क्लिपा मारायला येतो म्हणलाय, अजून आलेला नाही.