शेंगदाण्याची ॲलर्जी घेऊन युगांडात: यजमानांचे घर की सामाईक स्वयंपाकघर?

नागपुरात शेंगदाण्याला आपण फल्ली म्हणतो आणि ती टाळायची म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीपासून चटणीपर्यंत अर्ध्या ताटाला नाही म्हणायचे, हे लहानपणापासून अंगवळणी पडले असल्यामुळे युगांडातील मसाका येथे सहा महिने स्वयंसेवक म्हणून शिकवायला जाताना मला फारशी धास्ती वाटली नव्हती. पहिले तीन महिने मी स्वयंसेवकांच्या निवासात राहिलो, जिथे आम्ही आठ-दहा जण एकाच स्वयंपाकघरात आपापले रांधत असू. उरलेले तीन महिने एका कुटुंबाकडे काढले. या दोहोंतील एक पर्याय बहुधा निघण्यापूर्वीच निवडावा लागतो. ॲलर्जीच्या तीव्र झटक्यावर द्यायचे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन, डॉक्टरांचे पत्र आणि पिवळ्या तापाची लस यांची सोय आपण केली आहे, असे धरून चालतो. इंजेक्शने मात्र दोन असावीत, कारण पहिल्याने उतार पडला नाही तर 5 ते 15 मिनिटांत दुसरे द्यावे लागू शकते.

आपल्या हाताने शिजवलेले अन्न सर्वांत सुरक्षित, हा माझा सुरुवातीचा हिशेब होता आणि भांड्यातील अन्नापुरता तो खराही होता. युरोपातून येणाऱ्या पाकिटांवर तर 14 ॲलर्जीकारक घटक ठळक छापणे तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कशाला हात लावायचा नाही हे वाचताक्षणी कळे. अडचण पाकिटात नव्हती, सुरीत होती. न्याहारीला पीनट बटर खाणारी मंडळी तीच सुरी जॅमच्या बरणीत बुडवीत आणि ज्या घासणीने ती सुरी धुतली जाई त्याच घासणीने माझी ताटली. एका सकाळी निव्वळ जॅम लावलेला पाव खाऊन माझे ओठ सुजले. त्यानंतर मी स्वतःची सुरी, स्वतःची निळी घासणी आणि नाव लिहिलेली बरणी वेगळ्या फळीवर ठेवली. सहकारी मनाने चांगले होते, ऐकूनही घेत. पण दर दोन आठवड्यांनी जुने जात, नवे येत आणि मला तीच कथा पहिल्यापासून सांगावी लागे. हातावर सॅनिटायझर चोळल्याने शेंगदाण्याचे प्रथिन निघत नाही, त्याला साबण आणि पाणीच लागते, हे मी त्या तीन महिन्यांत किती जणांना समजावले असेल याची गणती नाही. निळी घासणी तर प्रत्येक नव्या तुकडीला सगळ्यांत स्वच्छ दिसत असल्यामुळे हमखास तीच उचलली जाई. आजाराच्या भीतीपेक्षाही या पुनःपुन्हा सांगण्यानेच मला तिथून उठवले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

कुटुंबाकडे जाताना धोका वाढणार असे वाटले होते, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. त्या भागात शेंगदाण्याचा गुलाबीसर रस्सा मटोक्यासोबत, म्हणजे वाफवून कुस्करलेल्या कच्च्या केळ्यांसोबत, आवडीने खातात, पाहुण्यापुढेही तो कौतुकाने येतो. पहिल्या दिवशी मी इंग्रजीत ‘पीनट’ लिहिलेले कार्ड दाखवले, घरच्या आजींनी, म्हणजे जाजांनी, मान डोलावली आणि संध्याकाळी तोच रस्सा वाढायला घेतला. दोष त्यांचा नव्हता. तिथे बोलण्यात ‘जी-नट’ आणि लुगांडा या स्थानिक भाषेत ‘बिन्येब्वा’ म्हणतात, पीनट हा शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात कधी आलाच नव्हता. नागपुरात एखाद्या आजीला फल्लीऐवजी ‘भूमिगत शेंग’ म्हणून सांगावे, तसे ते झाले. दुसऱ्या दिवशी शाळेतील शिक्षिकेकडून तोच मजकूर लुगांडात लिहून घेतला आणि तो प्रश्न कायमचा मिटला, कारण त्या घरात चूल एक होती आणि डाव धरणारा हातही एकच. जाजा आधी माझ्यासाठी बीन्स शिजवीत, रस्सा नंतर वेगळ्या भांड्यात चढे. मटोके केळीच्या पानांत गुंडाळून वाफवतात, त्यामुळे ते मुळातच सोवळ्यात राहते. लुवोंबो हा तिथला रस्सेदार पदार्थही केळीच्या पानातच शिजतो, पण त्यात कधीकधी शेंगदाण्याचाच रस्सा असतो, तेव्हा पान पाहून निर्धास्त होऊ नये.

पाण्याच्या बाबतीत दोन्हीकडे फारसा फरक जाणवला नाही. जाजांकडे ते उकळून झाकून ठेवलेले असे. निवासात गाळणी होती, ती कोणी धुवायची हे मात्र ठरलेले नव्हते.

निवासाच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. रात्री त्रास झाला तर इंजेक्शन देऊ शकणारे चार जण शेजारच्या खोलीत होते आणि वाहनही दाराशी असे. जाजांच्या घरून रात्री मोटारसायकल मिळायलाच वीस मिनिटे लागत, म्हणून मी त्यांच्या थोरल्या नातवाला मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई कशी द्यायची ते शिकवून ठेवले होते. ज्यांना पूर्वी तीव्र झटका येऊन गेला आहे, त्यांनी या एका कारणासाठी निवास निवडला तर मी त्यांना अडवणार नाही. माझा अनुभव सौम्य सुजेपलीकडे गेलेला नाही आणि तो एकाच गावातला आहे.

तरीही कोणी विचारले तर मी कुटुंबाकडेच बोट दाखवीन, मात्र संस्थेला आधी एक गोष्ट विचारून घ्यावी: त्या घरात स्वयंपाक किती जणी करतात? उत्तर तीन किंवा चार आले, तर घर आणि निवास यांत उरतो तो फक्त घासणीच्या रंगाचा फरक.