फुकटचा निरोध: माल ठीक, हात कच्चे

‘सरकारी आहे, फाटणारच’ हे हॉस्टेलवरचं मत निरोध या सरकारी कंडोमच्या वाट्याला उगाच आलंय. १९६८ साली तो पंधरा पैशांना तीन मिळायचा. आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. कंडोम आपल्याकडे कायद्याने औषधात मोडतो, त्यामुळे दर्जाचे नियम फुकटच्या मालाला जसे लागू, तसेच दोनशे रुपयांच्या पाकिटालाही. फुगवून बघणं, पाणी भरून गळती तपासणं कुणालाच चुकत नाही. स्ट्रॉबेरीचा वास आणि ठिपके यांनी संरक्षण वाढत नाही.

फरक पडतो तो वापरण्यात. प्रत्येक वेळी आणि नीट वापरला तर वर्षभरात शंभरातल्या दोघींना गर्भ राहतो. लोक प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर साधारण तेराजणींना.

आधी तारीख बघा. मग पाकीट चिमटीत दाबा: आत हवेची उशी लागली पाहिजे. चपटं, चिकट किंवा कडक लागलं तर टाकून द्या. पँटच्या मागच्या खिशात महिनाभर बसलेला किंवा गाडीच्या डिकीत तापलेला कंडोम या परीक्षेत पास झाला तरी नको. आतला कंडोम बोटाने एका कडेला सरकवा आणि दुसऱ्या बाजूने फाडा. दात, कात्री नको.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पुढे. गुंडाळी बाहेरच्या अंगाला हवी, टोपीच्या दुमडलेल्या काठासारखी. तशी असेल तर ती सहज उलगडत खाली जाते; अडली, तर कंडोम उलटा आहे. तोच फिरवून लावायचा मोह होतो, पण टोकाला वीर्याचा थेंब लागलेला असू शकतो. टाका, नवा घ्या. टोकाची बोंडी चिमटीत धरून हवा काढा, सेंटिमीटरभर जागा मोकळी ठेवा आणि थेट मुळापर्यंत उलगडा. हवा आत राहिली की फाटायची शक्यता वाढते. एकावर एक दोन घालणं हा शहाणपणा नव्हे. घर्षणाने दोन्ही फाटू शकतात.

निरोधचं वंगण मात्र बेताचं वाटतं, इथे एक गुण कापला. कोरडं वाटलं तर मेडिकलमधली पाण्यावर आधारित जेली घ्या. खोबरेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन नको. तेलाने लेटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. वीर्यपतनानंतर ताठरपणा जायच्या आत, काठ धरूनच बाहेर या. गाठ मारा, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. फ्लश केला तर हॉस्टेलचा पाइप तुंबतो आणि मग चौकशी सुरू होते.

फाटलाच, तर दीड मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. ती गर्भासाठी आहे, रोगासाठी नाही. एचआयव्हीची शंका असेल तर सरकारी रुग्णालयात पीईपी (संसर्ग रोखायच्या गोळ्या) मागा: सुरुवात ७२ तासांच्या आत, पुढे २८ दिवस गोळ्या. जननेंद्रियावरची नागीण (हर्पीस) आणि एचपीव्ही (चामखीळ व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू) कातडीच्या स्पर्शानेही पसरतात, तिथे कंडोमचं संरक्षण अपुरं. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसी (सरकारी समुपदेशन व तपासणी) केंद्रात मोफत आणि गुप्त होते; शंका असल्यास एड्स हेल्पलाइनला, १०९७ वर फोन करा.

मेडिकलवाल्यासमोर जीभ अडखळत असेल तर बऱ्याच केंद्रांत कंडोमचा डबा भिंतीलाच लावलेला असतो, कुणी काही विचारत नाही. फक्त तो खिडकीशी उन्हात असेल तर आतून नवे मागून घ्या.