मनगट पडल्यावर (लुळं होऊन खाली लोंबल्यावर) आठ महिने स्प्लिंट वापरला, त्याचा अनुभव

जिन्यात पाय घसरला आणि उजव्या दंडाचं हाड मधोमध मोडलं. त्या हाडाला मागून पिळा घालून रेडियल नस खाली उतरते, म्हणजे मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवणारा मज्जातंतू. हाडाबरोबर तीही दुखावली. दंडाला आधार बांधला गेला, दुखणं उतरलं, पण हात पुढे धरला की पंजा खाली लोंबायचा. पहिले बारा दिवस मी ते सुजेमुळे होतंय असं समजत राहिले. तपासणाऱ्यांपैकीही कुणी मनगट उचलून दाखवायला सांगितलं नाही, याचं वाईट वाटतं.

फसायला कारणही होतं. बोटांची पुढची पेरं मला सरळ करता येत होती, म्हणून बोटं शाबूत आहेत असं वाटलं. पुढे फिजिओ मॅडमनी समजावलं, की ही पेरं सरळ करायला तळहातातले छोटे स्नायूही मदत करतात आणि त्यांना रेडियल नस जातच नाही. खरी परीक्षा बोटांच्या मुळाची. तिथून बोटं उचलता येतात का, अंगठा वर करता येतो का, हे बघायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या पाठीकडच्या कातडीला स्पर्श कळतो का, हेही. माझं तिन्ही गेलं होतं. कोपर मात्र जोर लावून सरळ होत होतं, कारण ते सरळ करणाऱ्या स्नायूला जाणाऱ्या नसेच्या फांद्या बहुतेक इजेच्या वरच फुटलेल्या असतात.

हात मोडलेल्या कुणाच्याही बाबतीत करून बघावं असं एक सोपं आहे: अंगठा वर करणं, अंगठा-तर्जनीच्या टोकांचा गोल करणं, बोटं पंख्यासारखी फाकवणं. पहिल्यात रेडियल, आणि हाताच्या दुसऱ्या दोन मुख्य नसांपैकी दुसऱ्यात मीडियन, तिसऱ्यात अल्नर नस कळते. पडलेल्या मनगटाने बोटं नीट फाकत नाहीत आणि अल्नरही गेली की काय अशी भीती वाटते. तळहात टेबलावर सपाट ठेवून बघितलं की खरं कळतं.

आता स्प्लिंटबद्दल. माझ्याकडे दोन होते. पहिला साधा, मनगट किंचित वर उचलून धरणारा. त्याचा उपयोग समजायला स्वतःचं मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ आवळून बघा, जोरच लागत नाही. माझी मूठ दिवसभर तशीच होती. पकडणारे स्नायू धडधाकट होते, फक्त मनगट पडल्यामुळे त्यांची ताकद वाया जात होती. स्प्लिंट घातल्याच्या दिवशी मी पेला धरला. तो क्षण मी विसरणार नाही.

पण पेला सोडता येईना, बोटं उघडायची कशी? त्यासाठी दुसरा स्प्लिंट, वरून तारा आणि रबरी ओढ असलेला. बोटं मी मिटायची, उघडायचं काम रबर करायचं. दिवसा हा आणि रात्री साधा, असं जवळजवळ पाच महिने चाललं. कामाच्या दृष्टीने हा कितीतरी सरस, पण तारा बाहीत, पिशवीत, केसांत अडकतात. रबर सैल पडतं आणि बोटाखालचे पट्टे घामाने चिकट होतात. आठवड्यातून एकदा ओढ तपासून घेतलीच पाहिजे.

सगळ्यात मोठी तक्रार साध्या स्प्लिंटच्या पट्ट्याची. अंगठ्याच्या मुळापाशी तो घासत होता आणि ती जागा बधिर, त्यामुळे कातडी सोलली तरी मला कळलं नाही. फोड दिसला तेव्हा पाणी सुटलेलं होतं. तेव्हापासून दर दोन तासांनी काढून डोळ्यांनी बघायचं हा नियम केला, आत मऊ अस्तर लावून घेतलं. बधिर हातावर स्प्लिंट घालणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच.

स्प्लिंटने नस बरी होत नाही. तो सांधे आखडू देत नाही आणि लुळे स्नायू ताणले जाऊ देत नाही, नस पोचेपर्यंत हात तयार ठेवतो. नस आतून तुटलेले तंतू साधारण दिवसाला 1 मिलिमीटर वाढवते. इजेच्या जागेपासून पहिल्या स्नायूपर्यंतचं अंतर मोजून मी हिशोब मांडला होता, तीन-साडेतीन महिने. चौथ्या आठवड्यानंतर ईएमजी (स्नायूत सुई घालून त्यातले विजेचे संकेत बघायची तपासणी) झाली. त्याआधी फार लवकर केली असती तर इजा किती खोल आहे हे नीट कळलं नसतं. दर महिन्याला मॅडम नसेच्या वाटेवर बोटाने टिचक्या मारायच्या. मुंग्या जिथे उठतील तिथवर नस वाढत आली असं समजून तिथे पेनाने खूण करायच्या. ती खूण खाली सरकताना बघणं हाच माझा मोठा आधार होता.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, की अशा बंद, म्हणजे कातडी न फाटलेल्या मोडीत नस बहुतेक वेळा आपणहून परतते. तीन-चार महिन्यांत काहीच चिन्ह नसेल तर मात्र ऑपरेशनचा विचार करायचा. फार उशीर केला, वर्ष-दीड वर्ष गेलं, तर नस पोचूनही स्नायू तिला दाद देत नाही. धारदार वस्तूने जखम होऊन नस गेली असेल तर वाट बघत बसायचंच नाही, लवकर उघडून जोडतात.

चौथ्या महिन्याच्या शेवटी कोपराजवळचा स्नायू थरथरला. पाचव्यात मनगट टेबलावरून वर आलं. सातव्यात बोटं मुळातून उठली आणि तारांचा स्प्लिंट सुटला. साधा अजून थकल्यावर लागतो. अंगठा सगळ्यात शेवटी येतो. तळहात टेबलावर पालथा ठेवून त्याला उचलायचा प्रयत्न रोज सकाळी करते. गेल्या सोमवारी नखाखाली कागद सरकवता आला, काल जाड पुठ्ठा.